मागणीची चिठ्ठी



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मला शाळेत कोणताच विषय शिकवायला नव्हते. माझी त्यांची ओळख झाली ती या सभागृहाच्या खालच्या मजल्यावर, देवघेवीच्या खिडकीपाशी. शाळा सुटली की ते तिथं मानद ग्रंथपाल म्हणून बसत. पुस्तक हवं असेल तर मागणीची चिठ्ठी लिहून आत सरकवायची, अशी पद्धत होती. सातवीत असताना मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘शिवाजी महाराजांचं पुस्तक’. गुरुजींनी चिठ्ठी वाचली आणि मला परत दिली. म्हणाले, “अशी कपाटभर पुस्तकं आहेत. त्यातलं कुठलंही दिलं तर चालेल का तुला? चालणार नसेल, तर तुझी चिठ्ठी अजून पुरी झालेली नाही.”

मी बाकावर बसलो आणि विचार करायला लागलो. मला नेमकं काय हवं होतं? गडांविषयी हवं होतं. त्यातही आरमाराच्या किल्ल्यांविषयी. ते लिहून मी चिठ्ठी पुन्हा दिली, आणि हवं ते पुस्तक हातात आलं.

आज व्याख्यानाचा विषय आहे, ‘विद्यार्थ्यांना एसक्यूएल शिकवताना’. तुम्ही म्हणाल, संगणकातल्या माहितीला प्रश्न विचारायची ही भाषा, तिचा आणि त्या चिठ्ठीचा काय संबंध? संबंध असा, की गेली पंचवीस वर्षं मी वर्गात जे शिकवतो आहे, ते त्या बाकावर बसून शिकलेलंच आहे. फरक एकच, आणि तो फार मोठा आहे. गुरुजी अपुरी चिठ्ठी परत करायचे. यंत्र परत करत नाही. शब्द चुकला, कंस उघडा राहिला, तर यंत्र अडवतं. पण अर्थ चुकला तर अडवत नाही. तुमच्या मनात काय होतं हे त्याला कळत नाही. तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर ते क्षणात समोर ठेवतं, आणि ते उत्तर इतकं नीटनेटकं, ओळीत मांडलेलं असतं, की त्यावर शंका घ्यावी असं कुणाला वाटत नाही.

या एका गोष्टीभोवती मी आज चार मुद्दे मांडणार आहे. पहिला ओळीचा, दुसरा चिठ्ठीचा, तिसरा जोडीचा आणि चौथा रिकाम्या जागेचा.

*

पहिला मुद्दा, ओळ.

पहिल्या तासाला आपण शिक्षक काय करतो? संगणक सुरू करतो आणि फळ्यावर लिहितो: सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर. मुलं ते उतरवून घेतात, पाठ करतात, परीक्षेत लिहितात. पुढे मुलाखतीत कुणी साधं विचारलं, ‘या टेबलातली एक ओळ म्हणजे काय?’ तर गप्प होतात. कारण तो प्रश्न आपण कधी विचारलेलाच नसतो.

टेबल म्हणजे संगणकातली नोंदवही; म्हणून आपण खालच्याच मजल्यावरच्या तीन नोंदवह्या घेऊ. एक सभासदांची, एक पुस्तकांची, म्हणजे दाखल नोंदवही, आणि एक देवघेवीची. सभासदांच्या वहीतली एक ओळ म्हणजे एक माणूस. देवघेवीतली एक ओळ म्हणजे एक घटना: अमक्या सभासदानं अमकं पुस्तक अमक्या दिवशी नेलं. आणि दाखल नोंदवहीतली एक ओळ म्हणजे काय? सांगा बरं. एक पुस्तक? नाही. एक प्रत. एकाच कादंबरीच्या पाच प्रती घेतल्या तर पाच ओळी, पाच दाखल क्रमांक. आता कुणी विचारलं, ‘आपल्याकडे पुस्तकं किती?’ तर त्या कादंबरीपुरतं उत्तर पाच द्यायचं की एक? दोन्ही उत्तरं खरी आहेत. प्रश्न दोन वेगळे आहेत. ओळीचा अर्थ ज्यानं आधी ठरवला नाही, त्याला आपण यातला कुठला प्रश्न विचारला हे कळणारही नाही.

ओळ ठरली की तिची ओळख ठरवायची. एका गावात एकाच नावाचे दोन वाचक असतात; सभासद क्रमांक मात्र दोघांना एकच नसतो. यालाच डेटाबेसच्या भाषेत प्रायमरी की म्हणतात. आणि देवघेवीच्या वहीत आपण सभासदाचा पूर्ण पत्ता लिहीत बसतो का? नाही, नुसता क्रमांक लिहितो. का? माणसानं घर बदललं तर पत्ता एकाच ठिकाणी बदलावा म्हणून. एक गोष्ट एकाच जागी लिहायची. बाकीच्यांनी तिच्याकडे क्रमांकानं बोट दाखवायचं. नॉर्मलायझेशन या जड शब्दाखाली पुस्तकांत जी प्रकरणं येतात, त्यांचं मूळ एवढ्याशा शहाणपणात आहे, आणि ते आपल्या कारकुनांना, ग्रंथपालांना संगणकाच्या आधीपासून ठाऊक होतं.

एक फरक मात्र मुलांना आवर्जून सांगावा लागतो. नोंदवहीला पहिलं पान असतं, टेबलाला नसतं. वहीत जे आधी लिहिलं ते आधी दिसतं. टेबलातल्या ओळींना आपला असा क्रम नाही. तुम्ही ‘ऑर्डर बाय’ म्हणून क्रम मागितला नाहीत, तर आज ज्या क्रमानं ओळी दिसल्या त्याच क्रमानं त्या उद्या दिसतील याची हमी नाही. मागितलं नाही ते मिळेल असं धरून चालू नये.

*

आता दुसरा मुद्दा, चिठ्ठी.

मागणीच्या चिठ्ठीवर आपण काय लिहितो? पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव. कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर, डावीकडून कितवं, हे लिहितो का? नाही. ते ग्रंथपालाचं काम. म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीत कपाटं हलवली, फळ्या बदलल्या, तरी आपली चिठ्ठी जशीच्या तशी चालते.

संगणकात मात्र एक काळ असा होता, की चिठ्ठीवर कपाट, फळी, जिना, सगळं लिहावं लागे. अपोलो चांद्रमोहिमेच्या काळात, सॅटर्न-५ अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्याच्या गरजेतून आयबीएमची आयएमएस ही प्रणाली उभी राहिली. तिच्यात माहिती झाडासारखी मांडलेली असे: खोड, फांदी, उपफांदी. दुसरीकडे चार्ल्स बाकमन यांनी माहितीच्या ओळी एकमेकींना साखळ्यांनी जोडण्याची पद्धत घडवली. १९७३ साली त्यांना संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रामरला सुकाणू धरणाऱ्या खलाशाची उपमा दिली. माहितीच्या समुद्रातून वाट काढत जायचं काम त्याचं. उपमा भव्य आहे. पण ज्याला समुद्राची वाट ठाऊक नाही, त्यानं प्रश्न विचारायचाच नाही का?

इथं एडगर कॉड येतात. १९२३ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोर्टलंड इथं जन्मलेला, ऑक्सफर्डला गणित शिकलेला, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला हा माणूस पुढे कॅलिफोर्नियात सॅन होजेला आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होता. जून १९७० मध्ये त्यांचा एक लेख ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात आला. त्यात एक साधं उदाहरण आहे. कारखान्यात सुटे भाग आहेत आणि प्रकल्प आहेत. कुठला भाग कुठल्या प्रकल्पाला लागतो ही माहिती ठेवायची आहे. भागांच्या खाली प्रकल्प मांडायचे, की प्रकल्पांच्या खाली भाग? की दोन्ही वेगळे ठेवून मध्ये दुवे द्यायचे? कॉडनी पाच मांडण्या दाखवल्या आणि म्हटलं, एका मांडणीसाठी लिहिलेला प्रोग्राम बाकीच्यांपैकी निदान तीन मांडण्यांवर चालत नाही. मांडणी बदलली की सगळं पुन्हा लिहा.

हे उदाहरण परकं वाटत असेल तर तलाठ्याच्या जुन्या दप्तरात चला. तिथं गाव नमुना सात आणि बारा आहे, आपला सातबारा. आणि गाव नमुना आठ अ आहे. सातबारा जमिनीच्या बाजूनं बोलतो: हा गट, याचे खातेदार कोण. आठ अ माणसाच्या बाजूनं बोलतो: हा खातेदार, याची या गावात कुठं कुठं किती जमीन. माहिती तीच आहे. विचारणारा कुठल्या दारानं आला एवढाच फरक. पण कागदावर दोन वेगळ्या वह्या ठेवाव्या लागत, आणि फेरफार मंजूर झाला की दुरुस्ती दोन्हीकडे पोचावी लागे. एकीकडे पोचली आणि दुसरीकडे राहिली तर शेतकऱ्याच्या किती चपला झिजत, हे या सभागृहात मी सांगायला नको.

कॉडचं म्हणणं असं: नोंद एकदाच ठेवा, साध्या टेबलांत ठेवा, आणि ती दोन्ही दारांनी विचारता येऊ द्या. काय हवं ते माणसानं सांगावं. कसं शोधायचं ते यंत्रानं ठरवावं. बाकमन आणि कॉड या दोन्ही बाजूंचा १९७४ साली जाहीर वादही झाला. पुढे १९८१ मध्ये कॉडनाही ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पण विचार पटला म्हणून तो हातात येतो असं नाही. कॉडनी आपले प्रश्न गणिताच्या चिन्हांत लिहिले होते. ती चिन्हं कळफलकावरही नव्हती आणि सामान्य माणसाच्या डोक्यातही नव्हती. त्याच आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोन तरुणांनी ठरवलं, की हा विचार साध्या शब्दांत आणायचा. चेंबरलिन यांनी नंतर सांगितलेली आठवण आहे, की जुन्या पद्धतीनं पाच पानं लागणारे प्रश्न कॉड एका ओळीत लिहून दाखवत, आणि ते पाहून त्यांचं मन पालटलं. १९७४ च्या मे महिन्यात त्यांनी आपली भाषा मांडली. नाव ठेवलं सीक्वल. पुढे कळलं, की ते नाव विमानं बनवणाऱ्या एका कंपनीनं आधीच नोंदवलेलं आहे. म्हणून स्वर गळाले आणि उरलं एसक्यूएल. बॉइस त्याच वर्षी, तिशीही गाठण्याआधी, अचानक गेले. आपली भाषा जगभर गेलेली त्यांनी पाहिली नाही.

शिक्षकांसाठी या इतिहासात एक मोलाची गोष्ट आहे. फिलिस रायझनर या संशोधक बाईंनी ही भाषा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वर्गात शिकवून पाहिली. ती कुठे समजते, कुठे अडते, मुलं कोणत्या चुका करतात, हे त्यांनी चाचण्या घेऊन तपासलं. म्हणजे ही भाषा जन्मली तेव्हाच वर्गातल्या मुलांसमोर बसवली गेली होती. आणि आज ती शिकवताना मुलं कुठे अडतात याची नोंद आपल्यापैकी किती जण ठेवतात?

१९८६ मध्ये अमेरिकेत या भाषेचं प्रमाण ठरलं, १९८७ मध्ये ते आंतरराष्ट्रीय झालं. आज ती कुठे नाही? रिचर्ड हिप यांनी २००० साली लिहिलेलं एसक्यूलाइट नावाचं छोटंसं इंजिन तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. संगणकाच्या क्षेत्रात पन्नास वर्षं टिकलेल्या गोष्टी फार थोड्या. ही टिकली, कारण तिच्या मुळाशी चिठ्ठीचा साधा नियम आहे: काय हवं ते सांगा, वाट सांगू नका.

*

तिसरा मुद्दा, जोड. पण त्याआधी वाक्याविषयी थोडं.

‘सिलेक्ट नाव फ्रॉम सभासद व्हेअर गाव = वाई’. इंग्रजीच्या धाटणीचं वाक्य. आज्ञा आधी, बाकी सगळं मागून. मुलं वर्षानुवर्षं गोंधळतात ते इथंच, कारण वाक्य लिहायचा क्रम एक आणि त्याचा अर्थ लावायचा क्रम दुसरा. आधी फ्रॉम, मग व्हेअर, मग ग्रुप बाय, मग हॅविंग, त्यानंतर सिलेक्ट, आणि शेवटी ऑर्डर बाय. पुस्तकात हा क्रम चौकटीत देऊन पाठ करायला लावतात.

मित्रहो, आपल्याला तो पाठ करायची गरज नाही. तेच वाक्य मराठीत म्हणा: ‘सभासदांमधून, वाईला राहणारे निवडून, त्यांची नावं दे.’ पाहा, काय झालं? सभासदांमधून, म्हणजे फ्रॉम. वाईला राहणारे निवडून, म्हणजे व्हेअर. नावं दे, म्हणजे सिलेक्ट. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि इथं अर्थ लावायचा क्रमही तोच आहे. आणखी पुढे जा. ‘सभासदांमधून, वर्गणी भरलेले तेवढे घेऊन, गावागणिक गट करून, दहापेक्षा मोठे गट राखून, गाव आणि संख्या दे, आणि ते उतरत्या क्रमानं लाव.’ सहाच्या सहा पायऱ्या आपल्या बोलीच्या ओघात जागच्या जागी पडल्या. आणि ‘गावागणिक’ हा शब्द पाहा. गावागणिक, घरागणिक, माणसागणिक. ग्रुप बाय समजवायला अर्धा तास घालवणाऱ्या शिक्षकाला आपल्या भाषेनं हा एक प्रत्यय तयार ठेवला आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलानं या विषयापुढे संकोचावं असं काहीही नाही. उलट त्याच्या तोंडी असलेलं वाक्य या विषयाच्या अधिक जवळचं आहे.

आता जोड. दोन टेबलं जुळवून प्रश्न विचारणं, म्हणजे जॉइन. आपण इथं तोंडी एक प्रयोग करू. समजा, सभासद आहेत पाच. देवघेवीत नोंदी आहेत सात. पहिल्यानं तीन पुस्तकं नेली, दुसऱ्यानं दोन, तिसऱ्यानं एक, चौथ्यानं एक, आणि पाचव्यानं अजून एकही नाही. आता दोन्ही टेबलं शेजारी ठेवली आणि सभासद क्रमांक जुळवायची अट घालायलाच विसरलो, तर किती ओळी येतील? पाच सत्ते पस्तीस. प्रत्येक सभासदासमोर प्रत्येक नोंद. अट घातली, की क्रमांक जुळतील तेवढ्याच ओळी उरल्या: सात.

सात आल्या. सगळं ठीक आहे ना? थांबा. पाचवा सभासद कुठे गेला? त्याला जुळणारी नोंद नव्हती, म्हणून तो यादीतून गेला. यंत्रानं सूचना दिली नाही, लाल अक्षरं दाखवली नाहीत. कुणी विचारलं, ‘सभासदागणिक किती पुस्तकं गेली याची यादी द्या,’ तर त्या यादीत शून्य पुस्तकं नेणारा कधीच दिसणार नाही. आणि वाचनालय चालवणाऱ्याला खरी काळजी कुणाची असायला हवी? त्याचीच. त्याला यादीत ठेवायचं तर लेफ्ट जॉइन म्हणावं लागतं, आणि मग ओळी येतात आठ.

दुसरी गंमत नव्हे, दुसरा धोका सांगतो. प्रत्येक सभासदाची अनामत दोनशे रुपये आहे. पाच जणांचे एक हजार. कुणी जोडलेल्या सात ओळींवर अनामतीची बेरीज मागितली, तर उत्तर येईल चौदाशे. पहिल्या सभासदाची ओळ तीनदा आली, म्हणून त्याचे दोनशे तीनदा मोजले गेले. पाचव्याचे मोजलेच गेले नाहीत. बेरीज बरोबर, चिठ्ठी चूक. हजाराच्या जागी चौदाशे दिसले तर पाच सभासदांच्या वाचनालयात लगेच कळेल. पाच लाख लाभार्थ्यांच्या योजनेत कसं कळेल?

म्हणून पहिल्या मुद्द्याकडे परत यावं लागतं. जोडण्याआधी एक ओळ म्हणजे एक सभासद होती. जोडल्यावर एक ओळ म्हणजे एक देवघेव झाली. ओळीचा अर्थ बदलला, हे ज्याच्या लक्षात आलं, तो चौदाशेवर सही करणार नाही.

*

चौथा मुद्दा, रिकामी जागा. मला स्वतःला हा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

टेबलातला एखादा रकाना रिकामा असू शकतो. त्याला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे कोरा शब्दही नव्हे. नल म्हणजे ‘इथं नोंद नाही’. देवघेवीत परत आल्याची तारीख रिकामी आहे, याचा अर्थ पुस्तक अजून बाहेर आहे. ती पुस्तकं शोधायला मुलं लिहितात, ‘व्हेअर परत_तारीख = नल’. उत्तर येतं, एकही ओळ नाही. कारण जे माहीत नाही ते कशाच्याही बरोबरीचं आहे असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. खरं आणि खोटं यांच्यामध्ये एसक्यूएल तिसरी गोष्ट मानते: अज्ञात. आणि व्हेअर फक्त खरं ठरलेल्या ओळी पुढे सोडतं. अशा वेळी ‘इज नल’ असं वेगळं विचारावं लागतं.

याचा परिणाम पाहा. शंभर सभासद आहेत. चाळीस जण वाईचे, पन्नास जण बाहेरगावचे, आणि दहा जणांचं गाव लिहायचं राहून गेलं आहे. विचारा, ‘वाईचे किती?’ चाळीस. विचारा, ‘वाईचे नसलेले किती?’ आपल्याला वाटेल साठ. यंत्र सांगेल, पन्नास. चाळीस आणि पन्नास मिळून नव्वद. दहा माणसं ‘आहेत’मध्ये नाहीत आणि ‘नाहीत’मध्येही नाहीत.

हा नुसता तांत्रिक बारकावा आहे का? आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर नावानंतर आईचं नाव लिहायचा निर्णय झाला. एका निर्णयानं पूर्ण नावात आईच्या नावाचा नवा रकाना आला. त्याआधी जन्मलेल्या कुणाची नोंद अशा टेबलात आणून बसवली, तर त्याच्या ओळीत तो रकाना रिकामा राहू शकतो. रकाना रिकामा आहे म्हणजे त्याला आई नव्हती का? नाही. नावात ते लिहायला आपण सांगितलं नव्हतं. रिकामी जागा पुष्कळदा त्या माणसाविषयी काही सांगत नाही. वही आखणाऱ्याविषयी सांगते. आणि जो रकाना आखलेलाच नाही, त्याविषयीचा प्रश्न जगातली कुठलीच क्वेरी, म्हणजे एसक्यूएलमधली चिठ्ठी, विचारू शकत नाही.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो: कुठलीही टक्केवारी काढण्याआधी रिकाम्या जागा मोजा. नव्वदातले चाळीस आणि शंभरातले चाळीस एक नव्हेत. आणि मोजून झाल्यावर एवढं करा: ती दहा माणसं कोण आहेत ते पाहा. नोंद राहिली ती कुणाची? बहुतेकदा ज्याला फॉर्म वाचता आला नाही त्याची. ज्याच्यासाठी कुणी खिडकीवर थांबलं नाही त्याची.

*

आता समोर बसलेल्या शिक्षकांशी थोडं बोलतो. हे शिकवायचं कसं? माझ्या वर्गात मी तीन सवयी लावतो.

पहिली: कळफलकाला हात लावण्याआधी प्रश्न मराठीत, कागदावर, पूर्ण लिहायचा. ‘जास्त वाचणारे सभासद’ असं लिहिलं की मी कागद परत देतो. जास्त म्हणजे किती? कुठल्या काळात? एकच पुस्तक दोनदा नेलं तर ते एक की दोन? मुलं आधी चिडतात. महिनाभरानं ती एकमेकांचे कागद परत द्यायला लागतात.

दुसरी: क्वेरी चालवण्याआधी किती ओळी येतील याचा अंदाज वहीत लिहायचा. अंदाज चुकला तर चालतो. पण अंदाज सात आणि उत्तर पस्तीस आलं, की मूल आपोआप थांबतं आणि विचार करतं. अंदाज न लिहिणारा मुलगा पस्तीस ओळी पाहून समाधानानं पुढे जातो.

तिसरी: महत्त्वाचं उत्तर दुसऱ्या वाटेनं पडताळायचं. एकूण अनामत सभासदांच्या टेबलातून काढा, जोडलेल्या टेबलातूनही काढा, आणि जुळते का पाहा. आपले आजोबा रोजमेळ आणि खतावणी ताडून पाहत होते, तीच ही शिस्त आहे.

आणि या सगळ्यासाठी सुरुवातीला मोठी यंत्रणा लागत नाही. पहिले दोन तास कागद पुरतो. पाच सभासद, सात नोंदी, कात्री आणि डिंक. मुलांना ओळी कापून हातानं जुळवू द्या. जॉइन ज्यानं एकदा बोटांनी केला, तो त्याचा अर्थ विसरत नाही.

मला हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: सर, आता प्रश्न मराठीत टाकला तरी क्वेरी लिहून देणारी साधनं आली आहेत, मग हे शिकायचं कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला उत्तरही प्रामाणिक द्यायला हवं. शब्द पाठ करण्याचं ओझं खरोखरच हलकं झालं आहे, आणि ते झालं हे चांगलंच झालं. पण त्या साधनाला तुम्ही ‘जास्त वाचणारे सभासद’ म्हटलंत, तर जास्त म्हणजे किती, हे बऱ्याचदा ते स्वतःच ठरवून मोकळं होईल. त्यानं काय ठरवलं हे कळायला क्वेरी वाचता आली पाहिजे. पाचवा सभासद गळला, अनामत तीनदा मोजली गेली, दहा माणसं दोन्ही याद्यांतून सुटली, हे त्या क्वेरीत दिसतं. पण ज्याला ओळीचा अर्थ ठाऊक आहे त्यालाच दिसतं.

*

समारोप करतो. आज आपण चार गोष्टी पाहिल्या. एक ओळ म्हणजे काय, हे आधी ठरवायचं. काय हवं ते सांगायचं, वाट यंत्रावर सोडायची. जोडल्यावर ओळीचा अर्थ बदलतो, हे विसरायचं नाही. आणि रिकाम्या जागेला उत्तर समजायचं नाही. बाकीचं सगळं व्याकरण पुस्तकात आहे आणि ते तुम्हाला आठवड्याभरात येईल.

गुरुजींनी परत केलेली ती चिठ्ठी माझ्याकडे उरलेली नाही. तिच्यावर काय लिहिलं होतं ते मात्र आठवतं, आणि ते वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहणारे त्यांचे डोळेही आठवतात. त्या खिडकीत तेव्हा चिठ्ठी वाचणारं माणूस होतं. आज खिडकीपलीकडे जे आहे, ते द्याल ती चिठ्ठी घेतं आणि लगेच काहीतरी हातात ठेवतं. विद्यार्थी मित्रांनो, तेव्हा लिहिणारे आम्ही होतो आणि परत करणारे गुरुजी. आता चिठ्ठी लिहायची तुम्हीच, आणि ती आत सरकवण्याआधी वाचून, अपुरी असेल तर स्वतःला परत द्यायचीही तुम्हीच.